रूपलाची फेक

कडब्याची पेंडी वर फेकायला नुसती ताकद लागते असं ज्याला वाटतं, त्यानं ती जन्मात कधी फेकलेली नसते. ताकद काय, बैलालाही असते. पेंडी मांडीवरून उचलली की गुडघ्यातून एक उसळी घ्यावी लागते, ती उसळी कमरेतून खांद्यात यावी लागते आणि खांद्यानं ती अशी सोडून द्यावी लागते, की वर गेल्यावर पेंडी हवेतच आडवी व्हावी, बुडखा बाहेर आणि शेंडा आत. वर गंजी रचणाऱ्या माणसाला हात लांब करावा लागला, तर समजावं की खालचा गडी कच्चा आहे.

हिरीबाईला हात कधी लांब करावा लागला नव्हता. लग्न होऊन ती हेमला नाईकाच्या बंजारा तांड्यात आली, तेव्हापासून दर माघात ती गंजीवर उभी असायची आणि खालून रूपला, तिचा नवरा, पेंड्या फेकायचा. तिच्या कोपरापर्यंत चढलेल्या बांगड्या, तांड्याच्या बलिया, वाजायच्या आणि पेंडी आपसूक तिच्या पोटाशी येऊन टेकायची. आजूबाजूच्या खळ्यांत फेकणारे गडी होते, पण त्यांच्या बायका वर वाकून वाकून बेजार व्हायच्या. हिरीला याचा मोठा तोरा होता, आणि तो ती लपवतही नसे.

पंचावन्न सालच्या माघात जऊळक्याच्या जानराव पाटलाच्या खळ्यात अशीच गंजी चढत होती, आणि पाटलाचा मुलगा जगदेव अमरावतीहून घरी आला. शिक्षण संपवून आला की सोडून आला, हे त्याच्या बापालाही नीट कळलं नव्हतं. पण ट्रंकेत पंच्यात गुंडाळून त्यानं एक लोखंडी गोळा आणला होता. सोळा पौंडांचा. संध्याकाळी ऊन उतरलं की तो खळ्यात येई, जमिनीवर काठीनं रेघ मारी, गोळा मानेशी धरी आणि हुंकार देऊन फेकी. आखाड्यातून कमावलेलं अंग होतं, फेक चांगली जायची.

तिसऱ्या दिवशी रूपला पेंड्या सोडून तिथं जाऊन उभा राहिला.

"जगदेवभाऊ, मले देता का एकडाव?"

"घे नं. पण मानेपासून ढकलाचा हाये बरं. पेंडीवानी भिरकावाचा नाई."

रूपलानं गोळा हातात तोलून पाहिला, मानेशी लावला, आणि ती गुडघ्यातली उसळी घेतली. गोळा जगदेवच्या खुणेवरून गेला, उभ्या गाडीच्या चाकावर आदळला आणि चाकाचा एक आरा कडाडला. जगदेव तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग मोठ्यानं हसला. मनाचा मोकळा गडी होता तो, एवढं त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

"अबे रूपला, तू मानूस हायेस का गोफन?"

तेवढ्यात हिरी गंजीवरून घसरत खाली आली, धावत गाडीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी गोळा उचलून आणला.

"तू काहून धावतं वं?" जगदेव म्हणाला. "आनला असता आमी."

"वा! तुमी उचलला तं फेक तुमची होते नं," हिरी म्हणाली.

जगदेवला काही उमजलं नाही. त्याला कुठून उमजणार? तांड्याची रीत तांड्यालाच ठाऊक. होळीत लेंगी गाऊन घसे बसले की नाईकाच्या दारातला काळा गोटा बाहेर निघे, आणि तरणे गडी तो फेकत. पण फेकून काम भागत नसे. गोट्यावर ज्याचा हात पहिला पडेल, फेक त्याची. पुढं टपून बसलेले चार जण झेप घ्यायला तयारच असत. म्हणून फेकणारा गोटा सुटल्याबरोबर त्याच्यामागं जीव तोडून पळे. त्याच्या घरच्या माणसाचा हात पडला तरी चाले, फेक घरातच राहिली. रूपलाचा बाप अमरसिंग याच्या तरुणपणी त्याची बायको सोनीबाई गोट्यावर अशी पडायची, की तिच्या ढोपरांवर त्या काळच्या खुणा अजून होत्या.

मग रोज संध्याकाळी तोच खेळ सुरू झाला. जगदेव फेकी, रूपला फेकी, हिरी गोळा आणी. रूपला रेघेवर उभा राही आणि हिरी परत येईपर्यंत कपाळाचा घाम पुशी. फेक दिवसादिवसानं लांबत चालली.

"वाशीमले शेतकी प्रदर्शन हाये," एके दिवशी जगदेव म्हणाला. "बैलं, कपाशी, अन् खेळ. गोळाफेक बी हाये. पहिला येते त्याले नागपूरले नेतात. माह्यं नाव देल्लं हाये, तुह्यं बी देतो."

त्या रात्रीपासून रूपलाला जेवण जाईना. हिरीनं भाकरी पुढं सरकवली की तो तिचा तुकडा हातात तोलून बघायचा.

जानराव पाटलाच्या कानावर हे गेलं. खळ्यात येऊन त्यांनी सगळ्या गड्यांसमोर रूपलाची हजामत केली.

"काय रे रूपल्या, वाशीमले जाऊन राह्यला म्हनते! तांड्यात आपसात फेकता, अन् आपसातच जिंकता. तिथं मानसं असतात, मानसं!"

गडी हसले. रूपलाही ओशाळं हसला आणि पेंडी उचलायला वाकला. पण वर गंजीवर हिरीच्या अंगाचा भडका उडाला. त्या रागात तिनं पेंडी अशी दाबून बसवली की बुडखा मोडला.

रात्री चुलीपाशी तिनं हे सासऱ्याला सांगितलं. अमरसिंगच्या डोळ्यात फूल पडलं होतं, पण कान तिखट होते.

"खोटं काय बोलला पाटील?" म्हातारा म्हणाला. "मी फेकलं ते तांड्यानं पाह्यलं. तांड्याभाईर कोनं पाह्यलं? मी मेलो का माही फेक बी मेली. याची तशी नाई होऊ द्याची, पोरी."

हिरीनं मान डोलावली. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. रूपलाची फेक तांड्याबाहेरच्या माणसांनी मोजली पाहिजे, आणि मोजून कबूल केली पाहिजे.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला तो आभाळ घेऊन. उत्तरेकडून काळं भरून आलं होतं आणि वाऱ्याला ओला वास होता. जगदेव बैलांच्या दमणीत बसून सकाळच्या आगगाडीला गेला. रूपलानं नवं धोतर नेसलं होतं. तो खळ्यापाशी पोचला तर जानराव पाटील काठी टेकून वाटेतच उभे.

"कुठं?"

"वाशीमले, मालक. बोललो होतो नं."

"अन् ही गंजी? उघड्या डोक्याची? पानी आलं तं सारा कडबा काळा पडते. तुमची मजुरी बी यातच हाये, समजलं? गंजीचं टोक बांध अन् मंग जा, कुठं जाचं तिथं. नाई तं पुढच्या सालापासून या खळ्यात पाय टाकू नको."

पाटलाचं बोलणं कडू होतं, पण त्यात खोट काढता येत नव्हती. हिरीच्या घरच्या दोन्ही बैलांचा उन्हाळा त्या कडब्यावर जायचा होता. शिलकेत अर्ध्या दिवसाचं काम होतं आणि वाशीमला जाणारी दुसरी गाडी दुपारची. रूपलानं खांद्यावरचा पंचा काढला आणि नवं धोतर गुडघ्यावर खोचलं.

हिरी सरसर वर चढली.

"या लवकर!" ती ओरडली. "पाहून काय राह्यले?"

त्या सकाळी रूपलानं जशी पेंडी फेकली, तशी जऊळक्याच्या शिवारात कोणी फेकली नसेल. एक पेंडी हिरीच्या हातात पडतेय तोवर दुसरी हवेत असायची. कडब्याची कूस तिच्या गळ्यात, पाठीत, डोळ्यांत गेली. पात्यांनी तिचे हात कापले, घामानं ते कापे चरचरले. खाली रूपलाचं अंग भिजून काळं चकचकीत झालं होतं. तेवढ्यात तांड्याकडून अमरसिंग पाच-सहा जणांना घेऊन आला. कोणी न बोलावता आलेली ती माणसं पेंड्यांची ओळ लावून रूपलाच्या हातात देऊ लागली. आता रूपलाला वाकायचीही गरज उरली नाही.

गंजी निमुळती होत गेली, तशी ती उंच झाली. शेवटच्या पेंड्या तर बाजूच्या लिंबाच्या शेंड्याएवढ्या उंच फेकायच्या होत्या. हिरी एका पावलाएवढ्या जागेवर तोल सावरत उभी होती आणि खाली रूपला तिला वीतभर दिसत होता.

"आना!"

पेंडी आली. पोटाशीच आली. हिरीला हसूच फुटलं. तिनं टोक दोरानं आवळलं आणि पाठीवर घसरत खाली आली, तेव्हा तिच्या फेटियाचे, त्या आरसेदार घागऱ्याचे, दोन आरसे गंजीतच राहिले. जानराव पाटलांनी गंजीभोवती एक फेरी मारली, काठीनं दोन ठिकाणी टोचून पाहिलं आणि खोट सापडली नाही म्हणून जास्तच चिडून म्हणाले, "जा आता. हात तं राह्यले नसतीन फेकाले."

"राह्यले का नाई, ते जगदेवभाऊले इचारजा," हिरी म्हणाली आणि पळत सुटली.

"तू कुठं येऊन राह्यली?" रूपला पळता पळता म्हणाला.

"गंजी मी बी रचली. मी बी येतो!"

सगळे स्टेशनात शिरले, तेव्हा गाडीनं शिट्टी दिलीच होती. रूपलानं म्हाताऱ्या बापाला पेंडीसारखा उचलून डब्यात सारला, हिरीला हात दिला आणि स्वतः दांडी धरून लोंबकळला. तांड्यातले बाकीचे मागच्या डब्यात कसेबसे घुसले. वाशीम येईस्तोवर हिरी त्याचे दंड चोळत होती. दंड नुसते थरथरत होते.

"दुखून राह्यले का?"

"नाई," रूपला म्हणाला. "आता कुठं गरम झाले."

वाशीमच्या मैदानावर माणूस मावत नव्हतं. एकीकडे झुली घातलेले बैल, एकीकडे कपाशीच्या ढिगांपुढं फेटेवाले, आणि मधोमध दोर बांधून राखलेली काळी जमीन. त्यात पांढऱ्या फक्कीचा गोल काढला होता. गोळाफेक सुरू झालेली होती. जगदेवच्या फेकीवर खुंटी ठोकलेली होती आणि बाकी सगळ्यांच्या खुंट्या तिच्या बऱ्याच मागं होत्या. रूपलाला बघताच जगदेवनं दोन्ही हात वर केले.

"आला का रे! मले वाटलं माह्या बापानं गाडला तुले गंजीत!"

खाकी चड्डीतले, गळ्यात शिट्टी घातलेले पंच रूपलाकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिले. अनवाणी पाय, केसांत कडब्याची पाती, गुडघ्यावर खोचलेलं मळकं धोतर. लोकांत खसखस पिकली. पण नाव दिलेलं होतं, त्यामुळं नाही म्हणता येईना.

"तीन फेकी मिळतील," पंच म्हणाले. "गोळा जमिनीला टेकेपर्यंत गोलात राहायचं. मग गोलाच्या मागच्या बाजूनं बाहेर यायचं. पुढून बाहेर गेलास तर फेक बाद. कळलं?"

"कळलं जी."

दोराला छाती लावून हिरी उभी राहिली. तिच्या शेजारी अमरसिंग, त्याच्या मागं तांड्यातले लोक. रूपलानं गोळा मानेशी लावला. गुडघे वाकले. आणि सुटला तो गोळा! जगदेवच्या खुंटीच्या पुढं जाऊन तो धप्पकन पडला, काळी माती उडाली, मैदानभर एकच आरोळी उठली. गोळे गोळा करायला ठेवलेला एक टोपीवाला गडी आरामात तिकडं निघाला.

ते रूपलानं पाहिलं मात्र, फक्कीची रेघ ओलांडून तो सणसणत धावला. टोपीवाल्याला खांद्यानं बाजूला सारून त्यानं गोळ्यावर झडप घातली, आणि मातीनं माखलेलं तोंड वर करून तो विजयानं हसला.

पंचांनी लाल निशाण वर केलं.

"बाद!"

आता जे हसणं उसळलं, ते हिरीला कधी विसरता आलं नाही. लोक पोट धरधरून हसत होते. कोणी म्हणालं, "अरे, गोळा पळून जात होता, म्हणून पकडला त्यानं!" रूपलाचं हसू हळूहळू विझलं. मान खाली घालून तो परत आला.

"सांगितलं होतं ना तुला?" पंच खेकसले.

"सांगतलं होतं जी. पाय गेले."

दुसरी फेक. या खेपेला त्यानं ओठ दातांत धरले होते. गोळा गेला, पडला, पुन्हा खुंटीच्या पुढंच. रूपला गोलात उभा होता. राहा, राहा तिथंच, हिरी मनात म्हणत होती. पण टोपीवाला गोळ्याकडं वाकला आणि रूपलाच्या तोंडून एक हुंदक्यासारखा आवाज निघाला. आपल्या डोळ्यांदेखत कोणी आपली फेक घेऊन चाललंय, हे त्याला बघवेना. पाय गेलेच.

लाल निशाण. या वेळी हसण्यात शिट्ट्याही होत्या. अमरसिंगला धड दिसत नव्हतं, पण शिट्ट्या ऐकून तो मटकन खाली बसला. हिरीला वाटलं, आभाळ फुटावं आणि हे मैदान वाहून जावं.

जगदेव धावत रूपलाकडं आला. "अबे, काय करून राह्यला तू? खळ्यात तं जागचा हालत नव्हता! तिथं काहून नाई पळाला?"

दोरापलीकडं उभ्या हिरीनं ते ऐकलं, आणि तिच्या अंगातून वीज गेली. खळ्यात तो पळाला नाही, कारण खळ्यात ती होती! गंजीवरून उतरून गोळ्यावर हात टाकायला घरचं माणूस होतं. आठ दिवस त्याच्या पायांना पळायची गरजच पडली नव्हती, आणि ते कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तिनं फेटिया सावरला आणि दोराखालून आत शिरली.

"ओ बाई! बाहेर व्हा!" पंच शिट्टी फुंकत धावले. "बायकांना आत मनाई आहे."

हिरी थांबली नाही. टोपीवाल्यापाशी जाऊन उभी राहिली. हजार डोळे तिच्यावर, आरशांवर, बलियांवर, कानाशी लोंबणाऱ्या घुगऱ्यांवर. पाय जमिनीत रोवून तिनं पंचांना सांगितलं, "गोळा मी आनून देतो. तुमी मोजा. बाकी मी काई करत नाई."

"असं चालत नाही!"

जगदेव मधे उभा होता. त्याची खुंटी अजून सगळ्यांच्या पुढं होती. तो गप्प राहिला असता तर नागपूरची वाट त्याचीच होती, आणि त्याला कोणी नावही ठेवलं नसतं. त्यानं एकदा खुंटीकडं बघितलं. मग डोकं खाजवलं.

"साहेब," तो पंचांना म्हणाला, "गोळा फेकणाऱ्यानं पुढून पळत जाऊन आणू नये असा नियम आहे. बाईनं आणू नये असा आहे का?"

पंचांनी कागद चाळला. तसा नियम नव्हता. टोपीवाल्याचा सकाळपासून सोळा सोळा पौंड वाहून कणा मोडला होता, तो तर खूष होऊन बाजूला झाला. पंच कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ठीक आहे. शेवटची फेक. लवकर आटपा."

हिरी मागं मागं सरकत जगदेवच्या खुंटीच्या पलीकडं गेली. तिथून गोल लहानसा दिसत होता, आणि त्यात रूपला. खाली मान, पडलेले खांदे. दोन्ही हात तोंडाशी नेऊन ती ओरडली, गंजीवरून ओरडायची तशी.

"मी हाये इथं! आना!"

रूपलानं मान वर केली. ती दिसली त्याला. त्याचे खांदे हलके खाली-वर झाले, आणि हिरीला एवढ्या लांबून कळलं, आता ही पेंडी बरोबर येणार.

गोळा हवेत चढला. करड्या आभाळावर एक काळा ठिपका तिच्याकडं येत गेला, मोठा होत गेला, आणि तिच्या समोर काळी जमीन हादरली. मातीचा फवारा तिच्या तोंडावर उडाला. ती पुढं झेपावली आणि पोटावर पडून दोन्ही हातांनी गोळा कवटाळला. ऊन ऊन लोखंड होतं, रूपलाच्या मानेच्या घामानं ओलं.

मग तिनं भीत भीत मान वळवली.

रूपला गोलातच होता. पायाची बोटं फक्कीच्या रेघेच्या आत मातीत रुतली होती, सगळं अंग पुढं झुकलं होतं, पण पाय आत होते. पंचांनी पांढरं निशाण वर केलं.

टेप धरून माणसं धावली. गोळ्यानं पाडलेला खड्डा जगदेवच्या खुंटीच्या चांगला हातभर पुढं होता. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा जगदेवनं स्वतः टेप धरून मोजलं. "माहा बाप मले आता घरात घेत नाई," तो म्हणाला आणि टेप वर फेकून नाचायला लागला.

"बाई, गोळा द्या," पंच म्हणाले.

हिरी मांडी घालून बसली होती आणि गोळा तिच्या मांडीत होता.

"आंधी नाव घ्या."

"कोणाचं?"

नवऱ्याचं नाव हिरी कसं घेणार? तिनं बोटानं गोलाकडं दाखवलं. "त्याइचं. साऱ्याइले ऐकू जाईन असं."

पंचांनी हात टेकले. पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून एक जण ओरडला, "गोळाफेक, पहिला नंबर, रूपला अमरसिंग, जऊळका!"

"जऊळका नाई," हिरी म्हणाली. गोळ्यावरची मिठी सैल झाली नव्हती. "आमी गावात नाई राहत. हेमला नाईकाचा तांडा म्हना."

कर्णेवाला पंचांकडं बघत राहिला. पंच मांडीतल्या गोळ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली.

"रूपला अमरसिंग! हेमला नाईकाचा तांडा!"

दोराबाहेर तांड्याच्या माणसांनी जो कल्ला केला, त्यानं प्रदर्शनातले बैल उधळले. अमरसिंग उठून उभा राहिला होता आणि दिसेल त्याला विचारत होता, "काय म्हनलं? पुन्हा सांग बापा, काय म्हनलं?" लोक त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते. मघाशी हसणारेच सांगत होते. हिरीनं गोळा पंचांच्या हातात दिला, आणि तिला रडू कोसळलं.

या सगळ्या गोंधळात रूपला मात्र अजून गोलात उभा होता. रेघेला पाय लागू नये म्हणून हात अंगाशी आवळून, घामानं निथळत, एकटाच. टेप गुंडाळला गेला, कर्णा थांबला, माणसं दोर तोडून आत घुसली, तरी तो हलेना.

"जगदेवभाऊ," त्यानं घाबऱ्या आवाजात हाक मारली, "आता निंगू का?"

"निंग रे!" जगदेव डोळे पुसत ओरडला. "पन माघून निंग, बाबा. माघून!"

रूपलानं मान वळवून मागची रेघ नीट बघून घेतली. एक पाय मागं टाकला, मग दुसरा. दोन्ही पाय बाहेर आल्याचं खाली वाकून पाहिलं. आणि मग सगळ्या गोलाला वळसा घालून, माणसांना ढकलत, तो हिरीकडं धावत सुटला.